सोंग घ्यायचं वय

(कोडोली, ता. पन्हाळा येथे भरलेल्या महिला मेळाव्यातील भाषण. बोलण्याच्या ओघातला काही भाग आटोपशीर करून छापला आहे.)



सकाळपासून इथं बचत गटाची कर्जं, दारूचं दुकान आणि सात-बाऱ्यावर बायकोचं नाव या विषयांवर बोलणं झालं. जेवणानंतरची वेळ माझ्या वाट्याला आली आहे आणि विषय मी जरा वेगळा निवडला आहे. विषय आहे सोंगाचा. कुणी कुणाचा वेष घ्यावा, कुठं घ्यावा, कोणत्या वयापर्यंत घ्यावा आणि हे ठरवणार कोण? तुमच्यातल्या काहीजणी म्हणतील, पोटापाण्याचं सोडून हे कशाला? पण आपल्या अंगावर काय असावं हे ज्याच्या हातात असतं, त्याच्या हातात आपलं येणं-जाणं असतं, हसणं-खिदळणं असतं, आणि पुष्कळदा आपली मजुरीही असते. म्हणून हा विषय.

सुरुवात जरा लांबून करते. अमेरिकेत डिस्ने नावाच्या कंपनीची मोठमोठी मनोरंजन उद्यानं आहेत. पहिलं १९५५ साली कॅलिफोर्नियात सुरू झालं. आपल्याकडे पुढं मुंबईजवळ गोराईला एस्सेलवर्ल्ड निघालं, खोपोलीजवळ इमॅजिका झालं, ती सगळी त्याच जातकुळीतली. डिस्नेच्या उद्यानात मिकी उंदीर, मिनी, हिमगौरी, सिंड्रेला अशी पात्रं सजून हिंडत असतात. मुलं त्यांना मिठ्या मारतात, फोटो काढून घेतात. तिथं तिकीट काढून येणाऱ्या पाहुण्यांसाठी एक नियम आहे. १४ वर्षांच्या किंवा त्याहून मोठ्या माणसानं पात्राचा वेष करून किंवा मुखवटा लावून आत यायचं नाही. लहान मुलीनं हिमगौरी होऊन यावं. तिच्या आईनं मात्र साध्या कपड्यांत यायचं.

असं का? कारणं उघड आहेत. एखादी बाई हुबेहूब हिमगौरी बनून आली तर मुलं तिलाच खरी समजतील. ती मुलांशी कशी वागेल याची जबाबदारी कंपनी कशी घेणार? गर्दीच्या जागी तोंड झाकलेला मोठा माणूस कोण आहे हे कळायला हवं, हे दुसरं कारण. २०१५ च्या डिसेंबरात सुरक्षेचं कारण देऊन हा नियम आणखी कडक केला गेला आणि उद्यानांत खेळण्यातल्या बंदुका विकणंही थांबवलं. पण त्याच नियमात एक फटही ठेवलेली आहे. हॅलोविन हा त्यांचा भुताखेतांचा सण. त्यानिमित्त संध्याकाळचे वेगळ्या तिकिटाचे कार्यक्रम होतात, तिथं मोठ्यांनाही वेष करून येता येतं. अटी एवढ्याच की चेहरा झाकायचा नाही, पोशाख जमिनीवर लोळता कामा नये, टोकदार हत्यार नको, आणि दुसऱ्या पाहुण्यांसाठी फोटोला उभं राहायचं नाही, सह्या द्यायच्या नाहीत. एरवी हौशी बायकांनी आपली वाट काढलीच आहे. निळा ब्लाऊज, पिवळा परकर, केसांत तांबडी फीत असे साधेच कपडे घालायचे. बघणाऱ्याला हिमगौरी आठवते आणि नियमही मोडत नाही.

हा नियम मी तुम्हांला एवढ्या तपशिलानं सांगितला, कारण तो आपल्याला मोजपट्टी म्हणून वापरता येतो. तो लिहिलेला आहे. घरून निघायच्या आधी वाचता येतो. बाईला एक आणि पुरुषाला दुसरा असा नाही. त्याचं कारण विचारलं तर सांगता येतं. आणि ज्याला हौस आहे त्याला दुसरी वाट ठेवली आहे. कंपनी काही धर्मादाय नाही, तिला आपली पात्रं आणि आपला धंदा राखायचा आहे. तरी पण एवढे चार गुण त्या नियमात आहेत. आपल्या आजूबाजूच्या नियमांत ते सापडतात का ते आता बघू.

आधी सोंगाच्या आतल्या माणसाकडे जाऊ. पाहुण्यांवरच्या नियमाची चर्चा होते, पण त्या जाड कापडाच्या मिकीच्या पोटात कोण उभं असतं? रोजंदारीवरचा किंवा पगारावरचा माणूस असतो. पुष्कळदा बाई असते, कारण ठेंगणी शरीरयष्टी लागते. फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डमध्ये या कलावंतांना पोशाखाच्या आत घालायचे कपडेसुद्धा कंपनीकडून मिळत आणि ते सामाईक असत. आज मी घातलेले उद्या दुसरीनं घालायचे. धुलाई नीट होत नाही अशी तक्रार होती. आपले आतले कपडे आपल्याला स्वतंत्र मिळावेत आणि घरी नेऊन धुता यावेत, एवढ्या साध्या गोष्टीसाठी त्यांच्या युनियनला कंपनीशी बोलणी करावी लागली, आणि २००१ साली ती मागणी मान्य झाली. आता तुम्हीच सांगा, हा पोटापाण्याचा प्रश्न आहे की नाही?

त्याच ठिकाणी २०१९ च्या डिसेंबरात तीन कलावंतांची प्रकरणं पेपरांत आली. पाहुण्यांनी नको तिथं हात लावला, पोशाखात हात घातला अशा तक्रारी पोलिसांत गेल्या होत्या. त्यांत मिनीचं काम करणारी एक बाई होती. मुखवटा हसरा असतो, तोंडातून आवाज काढायचा नसतो, म्हणजे ओरडायचीही सोय नाही. पुढं २०२४ च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमधल्या सुमारे १,७०० पात्रकलावंतांनी आणि मिरवणुकीतल्या कलाकारांनी मतदान करून युनियनमध्ये जायचं ठरवलं. बाजूनं ९५३ मतं पडली, विरोधात २५८.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेचं काय घेऊन बसलात. पण आपल्याकडेही आता लग्नात, वाढदिवसाला, दुकानाच्या उद्‌घाटनाला छोटा भीम, मिकी, अस्वल अशी सोंगं उभी असतात. कोल्हापुरात असं काम करणारी एक मुलगी आमच्या केंद्रावर आली होती. एका ठेकेदाराकडे ती अस्वल होत असे. तिनं सांगितलं ते तिच्याच शब्दांत सांगते. "ताई, एप्रिलात आत नुसती भट्टी असती. पाणी प्यायचं तर डोकं काढावं लागतंय, आणि गिऱ्हाईकापुढं डोकं काढायचं न्हाई असा नियम. पोरं शेपूट वढत्यात ते चालतंय. पण मोठी माणसं मुद्दाम मिठी मारत्यात. आत बाई हाय का गडी, हे चाचपून बघत्यात." तिनं तक्रार केल्यावर ठेकेदार म्हणाला, सोंगाला कसला विनयभंग?

याचं उत्तर आपल्याला पाठ पाहिजे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ साली झाला. त्यात मालकाची जबाबदारी फक्त आपल्या नोकरांपुरती नाही. कामाच्या जागी ज्यांच्याशी बाईचा संबंध येतो, त्या बाहेरच्या माणसांपासूनही तिला सुरक्षित ठेवणं हे मालकाचं कर्तव्य आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं अंतर्गत समिती असलीच पाहिजे. दहापेक्षा कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. तक्रार साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत द्यायची. उशिराचं कारण पटलं तर समिती ती मुदत आणखी तीन महिन्यांनी वाढवू शकते. रोजंदारीवरची बाईसुद्धा या कायद्यात येते. अस्वलाच्या कातड्यात असलेली बाई ही बाईच असते.

आता आपल्या सोंगांकडे वळू. सोंगाला आपला समाज काही परका नाही. एकनाथांच्या भारुडांत किती सोंगं आहेत! गोंधळी आहे, वासुदेव आहे, जोशी आहे. आपल्या भागात सोंगी भजनं रात्र रात्र रंगतात. सिंधुदुर्गात दशावतार चालतो. दारात बहुरूपी येतो, पोलिसाच्या वेषात येऊन लग्नाला चला म्हणतो. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. परंपरेनं सोंग घेणारा पुरुष आहे. बाईचं सोंगही त्यानंच घ्यायचं. दशावतारात राधाही पुरुष, सोंगी भजनात सासूही पुरुष आणि सूनही पुरुष.

नाटकाची गोष्ट तर तुम्हांला माहीतच आहे. नारायण राजहंस म्हणजे बालगंधर्व (१८८८-१९६७). त्यांनी शालू कसा नेसला, अंबाड्यात फूल कसं खोवलं, हे बघून घरंदाज बायका तसं नेसू लागल्या. म्हणजे बघा, बाईनं कसं दिसावं याचा वस्तुपाठ पुरुषानं घालून द्यायचा, आणि तो बघून बाईनं घरात तसं वागायचं. रंगमंचावर मात्र तिनं पाऊल टाकायचं नाही, टाकलं तर ती घरंदाज राहत नाही. मराठी सिनेमावाले दादासाहेब फाळके यांना १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीसाठी बाई मिळाली नाही, म्हणून साळुंके नावाच्या गृहस्थांनी तारामती केली. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये तर याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही केले! पण १९१३ सालीच फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघी उभ्या राहिल्या. कमलाबाई तेव्हा अवघ्या तेरा वर्षांच्या होत्या. नाटकात हे घडायला आणखी वेळ लागला. बायकांच्या मंडळ्या निघाल्या होत्या, त्यांत पुरुषांच्या भूमिकाही बायका करत, पण त्यांच्याकडे बघायची नजर वेगळी होती. हिराबाई बडोदेकर उभ्या राहिल्या, १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा'त ज्योत्स्ना भोळे उभ्या राहिल्या, तेव्हा कुठं बाईचं काम बाईनं करणं सभ्य ठरू लागलं. आणि तमाशातल्या बायका? त्या तर आधीपासून फडावर होत्या. त्यांच्या कलेवर शिट्ट्या वाजवायच्या आणि त्यांच्या पोरींना सून करून घ्यायचं नाही, हाच तो दुहेरी न्याय.

मग आपल्या बायकांनी कधी सोंग घेतलंच नाही का? घेतलं. मंगळागौरीच्या रात्री घेतलं, पंचमीला घेतलं, गौरी जागवताना घेतलं. धोतर नेसायचं, काजळाच्या मिश्या काढायच्या, सासऱ्याच्या टोपीत सासऱ्याचीच नक्कल करायची. आपल्या आया आणि आज्या काय कमी नटखट होत्या? हसून हसून मुरकुंडी वळायची. पण कुठं? माजघरात. कधी? दार लावून, पुरुषमाणसं बाहेर गेल्यावर. सकाळी मिशी पुसून चुलीपुढं बसायचं. पुरुषाचं सोंग चावडीपुढं आणि बाईचं सोंग माजघरात, ही वाटणी कुठंही लिहिलेली नाही, पण पिढ्यान् पिढ्या पाळली गेली.

इथं मी त्या चौदा वर्षांच्या आकड्याकडे परत येते. डिस्नेचा नियम वाचला तेव्हा मला तो आकडा ओळखीचा वाटला. कारण आपलाही एक नियम आहे, अलिखित, आणि तोही जवळपास त्याच वयाचा.

३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती असते, १२ जानेवारीला जिजाऊंची. त्या दिवशी आपल्या शाळांमधून काय सुंदर देखावा असतो! अंगणवाडीतली पोर आजीचं लुगडं गुंडाळून, कपाळावर चिरी लावून सावित्रीबाई होते. तिसरीतली जिजाऊ होते. पाचवीतली फेटा बांधून, हातात पुठ्ठ्याची तलवार घेऊन ताराराणी होते. पन्हाळा इथून हाकेच्या अंतरावर आहे, कोल्हापुरात कावळा नाक्याला ताराराणींचा घोड्यावरचा पुतळा आहे. ताराराणी व्हायचं म्हणजे आपल्या पोरींना परकं सोंग घ्यावं लागत नाही. पोरगी स्टेजवर ओरडते, टाळ्या पडतात, बाप फोटो काढतो. मग ती सातवी-आठवीत जाते. एके दिवशी पाळी येते. आणि कुणी काही न सांगता ताराराणी संपते. "आता मोठी झालीस." झिम्मा-फुगडीला चौकात नको. स्नेहसंमेलनात नाव नको. फेटा तर नकोच.

आमच्या भागातल्या एका शाळेत असंच झालं. नववीतल्या मुलीनं ताराराणीची भूमिका बसवली होती, भाषण पाठ केलं होतं. ऐन वेळी तिला सांगितलं, तुझ्याऐवजी सहावीतली मुलगी उभी करू, तू तिला तयार कर. तिनं त्या छोटीच्या डोक्याला फेटा बांधला, तिच्या कानात वाक्यं सांगितली, आणि विंगेत उभी राहिली. तिच्या आईनं ही गोष्ट गटात सांगितली. आम्ही चौघीजणी पालकसभेला गेलो आणि एकच प्रश्न विचारला, हा नियम कुठं लिहिला आहे? शिक्षक म्हणाले, नियम असा नाही, पालकांचीच इच्छा असते. पालक म्हणाले, शाळेचीच पद्धत आहे. गावातले जाणते म्हणाले, पोरं शिट्ट्या मारतात, उगाच कशाला. म्हणजे शिट्ट्या मारणार पोरं आणि स्टेजवरून उतरणार पोरगी. त्या सभेत भांडण झालं नाही. नियम कुणाचाच नाही एवढं मात्र सर्वांसमक्ष कबूल झालं. पुढच्या वर्षी नववी-दहावीतल्या दोघी स्टेजवर होत्या. शिट्ट्या मारणाऱ्यांना बाहेर काढायचं काम दोन शिक्षकांनी केलं. जगबुडी झाली नाही.

ताराराणींनी स्वतः काय केलं? १७०० साली राजाराम महाराज गेल्यावर, पंचविशीच्या आसपासच्या वयात, त्यांनी औरंगजेबाविरुद्धच्या लढ्याची सूत्रं हातात घेतली. म्हणजे ज्या वयात आपण पोरीला "आता शोभत नाही" म्हणतो, त्याच्या कितीतरी पुढच्या वयात खरी ताराराणी ताराराणी झाली. आणि आपल्याला तिचं सोंग फक्त सहावीपर्यंत चालतं!

मोठ्या बायकांच्या कपड्यांवरचे नियम बघा. सगळेच नियम वाईट असतात असं मी म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटाची सहल एका वॉटर पार्कला गेली. बावीसजणी होतो. दारावरच पाटी, पाण्यात नायलॉनचाच पोशाख चालेल, साडी-सलवार चालणार नाही. या नियमाला कारण आहे. सुती कापड पाणी पितं, जड होतं, त्याचे धागे सुटून पाणी गाळायच्या यंत्रात अडकतात. घसरगुंडीवर पदर अडकला तर गळ्याला फास बसतो. आपल्याला हे पार्कवाल्यानं शिकवायला नको. मळणी मशीनमध्ये पदर जातो, गिरणीच्या पट्ट्यात केस जातात, मोटारसायकलच्या चाकात ओढणी जाते, हे आपण बघितलं आहे. २०१८ साली हरियाणात पिंजोरला छोट्या शर्यतीच्या गाडीत केस अडकून एका तरुण बाईचा जीव गेला. इसाडोरा डंकन ही जगप्रसिद्ध नर्तकी १९२७ साली फ्रान्समध्ये मोटारीच्या चाकात गळ्यातला लांब रुमाल अडकूनच गेली. तेव्हा पदर खोचा, केस बांधा, ओढणी काढून ठेवा असं कुणी सांगितलं तर ते ऐकायचंच.

पण त्या दिवशी झालं काय? भाड्यानं मिळणारे पोशाख होते ते तरण्या, सडपातळ पोरींच्या मापाचे, गुडघ्याच्या वर येणारे. कपडे बदलायच्या खोलीची कडी मोडकी. पुरुषांना मात्र साधी चड्डी पुरत होती. बावीसपैकी चौदाजणी काठावर पर्सा आणि चपला सांभाळत बसल्या. एक मावशी म्हणाल्या, "तिकीट तेवढंच दिलं की गं आमी. मग आमचा उन्हाळा येगळा हाय व्हय?" त्यांचं बरोबर होतं. नियमाचं कारण खरं होतं, पण नियम करणाऱ्याच्या डोळ्यांपुढं पन्नाशीची बाई नव्हती. नायलॉनचाच पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा पोशाख शिवला जातो. तो सर्व मापांत ठेवा, खोलीला कडी लावा, एवढं केलं की त्याच नियमात मावशी पाण्यात उतरतात. नियम मोडायची गरज नाही, तो पुरा करायची गरज आहे.

काही नियमांचं कारणच सापडत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय झाला, की जिथं पुरुष जाऊ शकतात तिथं देवळात बाईलाही जाता आलं पाहिजे. त्यासाठी १९५६ चा कायदा आपल्या राज्यात आधीपासून आहे. त्याच महिन्यात शनिशिंगणापूरचा चौथरा खुला झाला. आपल्या अंबाबाईच्या गाभाऱ्यात तृप्ती देसाई गेल्या तेव्हा धक्काबुक्की झाली, आणि वाद कशावर? तर साडीच हवी, सलवार-कमीज चालणार नाही. देवी बाई, दर्शनाला आलेली बाई, आणि मधे उभं राहून नेसण्याचं ठरवणारे पुरुष. पुढं २०१७ साली देवीलाच घागरा-चोळी नेसवली म्हणून कोल्हापुरात मोठं आंदोलन झालं आणि त्यातून २०१८ साली पगारी पुजाऱ्यांचा कायदा विधिमंडळात झाला. देवीलासुद्धा हा प्रश्न चुकला नाही.

काही नियम गरिबाला एक आणि श्रीमंताला दुसरे असतात. २००५ साली आपल्या राज्यात डान्स बारवर बंदी आली. बायकांच्या प्रतिष्ठेसाठी बंदी, असं सांगितलं गेलं. पण तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना ती लागू नव्हती. म्हणजे प्रतिष्ठा फक्त स्वस्त जागी जात होती! उच्च न्यायालयानं २००६ साली बंदी रद्द केली आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं ते कायम केलं. त्या बारमधलं शोषण खरं होतं, त्याबद्दल आपल्या चळवळीतही मतभेद होते आणि आहेत. पण रोजगार गेला तो त्या बायकांचा, आणि त्यांना विचारलं कुणी नव्हतं, हेही तितकंच खरं.

१५ मार्च २०२४ ला राज्य सरकारनं शिक्षकांच्या पोशाखाबद्दल सूचना काढल्या. बाईंनी साडी किंवा सलवार-चुडीदार, कुर्ता, दुपट्टा घालावा, सरांनी शर्ट-पँट, शर्ट खोचलेला. जीन्स, टी-शर्ट कुणालाच नको. हा नियम निदान लिहिलेला आहे आणि दोघांनाही आहे. आता तुम्ही कारण विचारा. जीन्स घातल्यानं गणित कमी शिकवून होतं का? दुपट्ट्याचा फळ्यावर काय उपयोग? विचारायला हरकत नाही. शाळेच्या समितीत आपल्यातल्या कितीतरी जणी आहेत.

एक गोष्ट आनंदाची आहे. डोंबिवलीत १९९९ साली गुढीपाडव्याची शोभायात्रा सुरू झाली आणि तिचं लोण राज्यभर गेलं. आता फेटे बांधलेल्या, नऊवारी नेसलेल्या बायका दुचाकीवरून भर रस्त्यानं जातात. माजघरातलं सोंग चौकात आलं. पण तिथंही सावध राहू या. नथ नसलेली, विधवा, सलवारीतली, मुसलमान शेजारीण त्या ओळीत आहे का? एकच वेष सगळ्यांवर बसू लागला की सोंगाचा गणवेश होतो आणि हौशीची सक्ती होते.

तेव्हा कोणताही नियम समोर आला की चार प्रश्न विचारायचे. लिहिलेला आहे का? कारण काय? पुरुषाला, श्रीमंताला, तरुणीला आणि म्हातारीला सारखाच आहे का? आणि ज्याला पाळणं अवघड आहे त्याला दुसरी वाट आहे का? चारही उत्तरं नीट आली तर पाळायचा, मनापासून पाळायचा. नाही आली तर एकटीनं मोडायला जायचं नाही, चौघींनी मिळून विचारायला जायचं.

यातून करायचं काय, ते सांगून थांबते. येत्या सहलीच्या आधी पार्कवाल्यांना फोन करून पोशाखाची मापं, बाह्या, खोलीची कडी, सगळं विचारायचं. नीट उत्तर देईल तिथंच पैसे भरायचे. शाळेच्या संमेलनाआधी प्रत्येक गावातल्या गटानं मुख्याध्यापकांना पत्र द्यायचं, की आठवी ते दहावीच्या मुलींनाही भूमिका मिळाव्यात आणि शिट्ट्यांचा बंदोबस्त शाळेनं करावा. सोंगाच्या आत काम करणारी मुलगी तुमच्या ओळखीत असेल तर तिला २०१३ च्या कायद्याचं सांगायचं आणि जिल्हा समितीचा पत्ता आमच्याकडून न्यायचा.

आणि शेवटचं. येत्या ३ जानेवारीला इथंच, दार न लावता, दिवसाउजेडी मोठ्या बायकांच्या सोंगांचा कार्यक्रम करायचा असं आम्ही ठरवलं आहे. वयाची अट नाही, नेसण्याची अट नाही. सावित्रीबाई व्हा, ताराराणी व्हा, ग्रामसेवक व्हा, नाहीतर आपल्याच सासऱ्याची नक्कल करा. नियम दोनच. कुणाच्या जातीची, अपंगत्वाची टिंगल करायची नाही, आणि पाय अडकेल असं काही नेसायचं नाही. ज्यांना नाव द्यायचं आहे त्यांनी चहाच्या वेळी वहीत लिहा. आत्तापर्यंत नऊ नावं आली आहेत, त्यांतल्या तिघी साठीच्या पुढच्या आहेत.